गरीब बापाचा कज्जा : सातारा-सांगलीतील मोफत न्यायाचा मागोवा

आपल्याकडे कायद्याचा इतिहास लिहिला जातो तो कायदे करणाऱ्यांचा आणि निकाल देणाऱ्यांचा. कोर्टाच्या आवारात झाडाखाली सकाळपासून पुकाऱ्याची वाट बघत बसलेल्या माणसाचा इतिहास कोणी लिहीत नाही. त्यातून तो माणूस दलित, भूमिहीन आणि पोटगीच्या किंवा मुलाच्या ताब्याच्या दाव्यातला बाप असेल, तर त्याच्याकडे कायदेपंडितांचे लक्ष जात नाही आणि चळवळीचेही जात नाही. कायदेपंडितांना तो किरकोळ वाटतो. चळवळीला तो अडचणीचा वाटतो, कारण समोर उभी असलेली बाई त्याच्याहून अधिक नागवली गेलेली असते आणि चळवळीची सहानुभूती साहजिकच तिच्याकडे जाते. ही सहानुभूती योग्यच आहे. परंतु त्यामुळे एक प्रश्न तसाच पडून राहतो. ज्या बापाजवळ वकील लावायला पैसा नाही त्याला न्याय कोणी द्यायचा, आणि तो न्याय त्याच्या लेकरांच्या कामी यावा म्हणून काय करायचे? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या गेल्या दीडशे-दोनशे वर्षांच्या इतिहासाला हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.

१

ब्राह्मणी धर्मशास्त्राने बापाला कुटुंबाचा धनी ठरवले. बायको, पोरे, जमीनजुमला ही सारी त्याची मालमत्ता. पण हा बाप जमीन असलेल्या माणसाचा आदर्श आहे. महारवाड्यातला, मांगवाड्यातला बाप कधी कशाचा धनी होता? त्याच्या नावावर वतन होते ते राबण्याचे. गावकामाचा सांगावा आला की ताटावरून उठून जाणारा बाप मुलांनी पाहिला. त्याला घरात धनी व्हायचे धर्माने शिकवले आणि घराबाहेर गुलाम व्हायचेही त्याच धर्माने शिकवले. दलित कुटुंबातल्या पुष्कळ भांडणांचे मूळ या दुहेरी शिकवणुकीत आहे.

परंतु या जिल्ह्याच्या इतिहासात आणखी एक बाप आहे. १८९६ साली साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले आणि निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ यांच्यावर लहान मुलांचा भार पडला. आत्या मीराबाई घरी होत्या म्हणून संसार टिकला. पुढे रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामातल्या तलावावर रोखपाल होते, आणि १९०१ च्या सुमारास मुले त्यांना भेटायला साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनावर उतरलेल्या या मुलांना अस्पृश्य म्हणून गाडीवान मिळेना. त्यांचे पत्रही बापाच्या हाती वेळेवर पोचले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. नोकरीपायी लेकरांपासून दूर पडलेला, त्यांना जवळ बोलावणारा आणि जातीच्या व्यवस्थेने अडवलेला हा बाप आपल्याला परका नाही. वाटेगावहून बापाबरोबर मुंबईला पायी गेलेल्या अण्णा भाऊ साठे यांच्या बालपणातही तोच बाप आहे. धर्मशास्त्रातल्या बापाशी या बापाचे नाते नाही. लेकरांना जगवणे हाच त्याच्या बापपणाचा अर्थ. गरीब बापाला कायद्याची मदत द्यायची असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा यातल्या कोणत्या बापाला, हे आधी स्पष्ट केले पाहिजे.

२

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी आणि नंतरही बराच काळ गरिबांचे कौटुंबिक तंटे जातीच्या पंचांपुढे सुटत. दख्खनमधील जातींच्या चालीरीती आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने गोळा केल्या आणि त्याचा ग्रंथ १८२७ मध्ये निघाला. या प्रांतातल्या कष्टकरी जातींत काडीमोड होता, सोडचिठ्ठी होती, बाईला पाट लावता येत होता. ज्याला वरच्या जाती हीन म्हणत, त्या चालीत बाईला निदान एक वाट मोकळी होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेला घटस्फोट राखून ठेवला, तो या वस्तुस्थितीमुळेच.

पण म्हणून जातपंचायतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पंचांचा न्याय फुकट नव्हता. दंड होता, जातीला जेवण होते आणि ते न जमल्यास वाळीत पडणे होते. कर्ज काढून दंड भरणाऱ्या बापाची पोरे पुढे त्या कर्जापायी राबत. शिवाय पंचांपुढे बाईला तोंड नसे. ही सत्ता स्वातंत्र्यानंतरही संपली नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी २०१३ मध्ये खून होण्यापूर्वी जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली होती आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा, अमलात आला २०१७ मध्ये, एवढे सांगितले तरी पुरे.

दुसरीकडे इंग्रजांचे कोर्ट होते. तिथे कायद्यापुढे सारे समान, पण दाराशी स्टँप आणि वकील उभे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३३ होती. तिच्याप्रमाणे कंगाल ठरलेल्या माणसाला कोर्ट फी न भरता दावा लावता येई. मात्र आधी आपण कंगाल आहोत हे त्याला सिद्ध करावे लागे आणि ते झाले तरी वकील मिळतच नसे. कंगाल या शब्दाच्या जागी निर्धन हा शब्द यायला आणि निर्धनाला कोर्टाने वकील द्यावा ही तरतूद व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे कायद्याने गरिबाला कोर्टाच्या आत घेतले आणि तिथे मुका उभा केला.

३

या पार्श्वभूमीवर १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारकडे पाहिले पाहिजे. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही या लढ्यातली नावे सर्वांना ठाऊक आहेत. शेणोलीची गाडी आणि धुळ्याचा खजिना यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु माझ्या मते प्रतिसरकारचे सर्वांत मोठे काम गावोगावची न्यायदान मंडळे हे होते. इंग्रजांचे कोर्ट आणि सावकाराचा वकील या दोघांना बाजूला सारून गावातच निवाडे होऊ लागले. सावकारीचे, जमिनीचे आणि त्याबरोबर नवराबायकोचेही तंटे तिथे येत. थोड्या खर्चात गांधी पद्धतीची लग्ने लावून लग्नाच्या कर्जातून बापाची सुटका करण्याचा प्रयत्न झाला. फीवाचून, स्टँपवाचून, वकिलावाचून आणि स्वतःच्या बोलीत मिळणारा असा न्याय या भागाने पहिल्यांदाच पाहिला.

या न्यायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शिक्षा शारीरिक होती. तळपायावर मारलेल्या फटक्यांच्या आठवणी लोक अजून सांगतात. आणि गाव म्हणजे कोण? पंच निवडणारा गाव हा मुख्यतः वेशीच्या आतला, शेतकरी जातींचा होता. चळवळीचे नेतृत्व त्यांच्याच हाती होते. याच काळात, जुलै १९४२ मध्ये, नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच वेळी भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे. दलितांचे राजकारण निराळ्या वाटेने चालले होते. कारण उघड आहे. जो गाव दिवसा वेठीला धरतो त्याच गावाच्या पंचांपुढे रात्री आपल्या घरातले भांडण न्यायचे, हे वेशीबाहेरच्या माणसाला सोपे कसे असेल? गावचा न्याय जवळचा असतो, पण जवळचा न्याय निःपक्षपाती असतोच असे नाही. बाबासाहेबांनी गावावर भरवसा ठेवला नाही, राज्यघटनेवर ठेवला, त्याचे मर्म इथे आहे.

तरीही प्रतिसरकारने एक गोष्ट सिद्ध केली, ती विसरता येणार नाही. गरीब माणूस न्यायापर्यंत जात नसेल तर न्यायाने त्याच्यापर्यंत गेले पाहिजे, आणि ते शक्य आहे.

४

स्वातंत्र्यानंतर कुटुंबाचा कायदा बदलला. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते रखडवले गेल्यावर २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्या बिलाचे तुकडे कायदे म्हणून संमत झाले. त्यातील अल्पवयीन मुलांच्या पालकत्वाच्या कायद्यात बाप हा पहिला नैसर्गिक पालक आणि त्याच्यानंतर आई असा क्रम राहिला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, एवढी सोय झाली. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या क्रमाचा अर्थ बदलून आईलाही, बापाच्या हयातीत, पालक मानण्याची वाट मोकळी केली. मुलाचे हित हीच अखेरची कसोटी, हे तत्त्व आज मान्य झालेले आहे.

म्हणजे कागदावर बाप पालक आहे. प्रत्यक्षात गरीब बापाची कायद्याशी गाठ पडते ती पालक म्हणून नव्हे, तर पोटगीचा देणेकरी म्हणून. सातारा-सांगलीच्या बाबतीत हे नीट समजून घ्यायचे तर मुंबईकडे पाहावे लागते. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी तालुक्यांनी गिरणगावाला माणसे पुरवली. नवरा परळच्या खोलीत, बायको गावी. मनिऑर्डर चालू तोवर संसार चालू. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, मनिऑर्डरी थांबल्या आणि किती घरे मोडली याची मोजदाद कोणी केली नाही. पोटगीचा अर्ज बायको राहते तिथल्या कोर्टात करता येतो. ही तरतूद न्याय्यच आहे, कारण बाईने मुंबईला हेलपाटे का घालावेत? पण मुंबईच्या बदली कामगाराला, सांगलीच्या हळदपेठेतल्या हमालाला, किंवा जत, आटपाडी, माणमधून ऊसतोडीला गेलेल्या माणसाला प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून यावे लागते. समन्सची भाषा त्याला कळत नाही. तो जात नाही आणि हुकूम एकतर्फी होतो. असा हुकूम सबळ कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत रद्द करून घेता येतो, हे त्याला कोणी सांगत नाही. थकबाकी साचते, वॉरंट निघते, आणि महिन्याच्या थकबाकीला महिन्यापर्यंतची कैद होते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे बाप तुरुंगात, मजुरी बंद, आणि ज्या लेकरांसाठी हुकूम झाला त्यांच्या हाती दमडी नाही. यात कोण जिंकले?

१९७३ च्या फौजदारी संहितेचे कलम १२५ आता राहिले नाही. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. आकडा बदलला, गरिबाची अवस्था बदलली नाही. २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे बंधन घातले. ज्याची रोजची मजुरी ठरलेली नाही त्याला हे प्रतिज्ञापत्र संरक्षण देऊ शकते, पण ते भरून देणारा कोणी असेल तरच.

५

मोफत कायदेशीर मदतीची कल्पना नवी नाही. मुंबईत १९२४ सालीच अशी एक संस्था निघाली होती. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने तालुक्यापासून राज्यापर्यंत मदत समित्यांची शिफारस केली आणि ती बहुतांशी कागदावर राहिली. १९७३ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल आला. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घातला गेला आणि गरिबीमुळे कोणाला न्याय नाकारला जाऊ नये ही राज्याची जबाबदारी ठरली. १९७८ चा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य आणि १९७९ चा हुसैनारा खातून हे खटले त्याच दिशेचे. अखेर १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो अमलात येण्यास ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. अनुच्छेदापासून अंमलबजावणीपर्यंत एकोणीस वर्षे गेली!

या कायद्याचे कलम १२ प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, मग ती पुरुष असो वा स्त्री, उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तसाच तो सर्व स्त्रियांना, मुलांना, अपंगांना, कारखान्यातील कामगारांना, कोठडीत असणाऱ्यांना, आणि पूर, दुष्काळ, भूकंप व जातीय अत्याचार यांच्या बळींना आहे. उरलेल्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. ही मदत खून-मारामारीच्या खटल्यापुरती नाही. पोटगी, घटस्फोट, मुलाचा ताबा, मुलाला भेटण्याचा हक्क, हे सारे तिच्यात येते. म्हणजे कवठेमहांकाळच्या बौद्ध बापाला किंवा कोरेगावच्या मातंग बापाला फक्त जातीचा दाखला पुरे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

इथेच एक विसंगती दिसते. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत आहे, पश्चिम महाराष्ट्रात विमुक्त जातीत. त्यामुळे नागपूरच्या कैकाडी बापाला जो हक्क जातीने मिळतो, तो मिरजेच्या कैकाडी बापाला उत्पन्न दाखवून मिळवावा लागतो. रामोशी, वडार यांचीही तीच गत. मात्र कलम १३ म्हणते की उत्पन्नाबाबत अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानावे. तहसीलदाराच्या दाखल्यासाठी महिनाभर खेटे घालायला लावणारा कारकून या कलमाच्या विरुद्ध वागत असतो.

आणखी एक विसंगती अधिक क्रूर आहे. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला वकिलाचा हक्क आहे. म्हणजे उत्पन्नाच्या किंवा दाखल्याच्या अडचणीत अडकलेल्या गरीब बापाला वकील मिळण्याची खात्रीची वेळ कोणती, तर तो पोटगीच्या वॉरंटावर आत गेल्यानंतरची!

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने सोपी पद्धत, समुपदेशन आणि तडजोड आणली. पण अशी न्यायालये स्थापणे बंधनकारक ठरले ते दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत. शिवाय तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाच्या परवानगीची बाब आहे. वकील नसला की दोन्ही बाजू समान होतात, हे गृहीतच चुकीचे आहे. शिकलेला माणूस वकिलावाचून बोलू शकतो. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साहेबापुढे मान खाली घालायला शिकवले, तो गप्प बसतो आणि त्याचे गप्प बसणे कबुली समजले जाते.

६

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बापाला मदत म्हणजे बाईविरुद्ध मदत काय? शहरांतल्या काही पुरुषसंघटनांनी तसा अर्थ लावला आहे. पोटगी बुडवायची, बाईने खोटे खटले घातले म्हणून ओरड करायची, यासाठी त्यांना कायदा हवा असतो. तो मार्ग आपला नाही. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे वारस त्या वाटेने जाऊ शकत नाहीत.

आपली वाट याच मातीत आहे. प्रतिसरकारच्या लढ्यातल्या इंदुताई पाटणकर यांनी १९८० नंतर कासेगावातून स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळ उभी केली आणि परित्यक्ता बायकांचा प्रश्न सातारा-सांगलीच्या वेशीवर आणून ठेवला. टाकलेल्या बाईला रेशनकार्ड हवे, घर हवे, जमिनीत वाटा हवा, असा आग्रह धरला गेला. या आग्रहाचे महत्त्व असे, की बाईच्या जगण्याचा भार एकट्या कंगाल नवऱ्यावर न टाकता समाजावर आणि शासनावरही टाकला गेला. दुष्काळी गावात मजुराकडून हजारांची पोटगी वसूल होणार नाही, हे बाईला कोर्टापेक्षा अधिक ठाऊक असते. बाईला स्वतःचे साधन आणि बापाला पेलेल अशी जबाबदारी, या दोन गोष्टी एकत्र मागितल्या तरच लेकराचे पोट भरते.

म्हणून गरीब बापाला मिळणाऱ्या मदतीची कसोटी एकच असावी. तिच्यामुळे बाप लेकराच्या जवळ आला काय? वकील मिळालेला बाप कोर्टात हजर राहतो, आपले खरे उत्पन्न सांगतो, झेपेल एवढ्या रकमेचा हुकूम घेतो आणि ती रक्कम भरतो. मुलाला भेटण्याचा दिवस मागून घेतो. वकील न मिळालेला बाप पळून जातो. पळालेल्या बापाचा बायकोला उपयोग नाही आणि लेकरालाही नाही. बापाला कायदेशीर मदत देणे हे बाईच्या हिताआड येत नाही, उलट पुष्कळदा ते तिच्या हिताचे असते. मारहाण करणाऱ्या, दुसरे लग्न करून पहिलीला हाकलणाऱ्या बापाच्या बाबतीत अर्थात आपण बाईच्या बाजूने उभे राहू. त्यालाही वकील मिळेल, तो त्याचा घटनात्मक हक्क आहे. आपला पाठिंबा मात्र त्याला मिळणार नाही.

मग करायचे काय? वस्तीतला पहिला पदवीधर म्हणून समन्सचे कागद वाचून घ्यायला लोक आपल्याकडेच येतात. माझ्यासारख्या प्राध्यापकांचा आणि शिक्षकांचा हा रोजचा अनुभव आहे. कागद वाचून अर्थ सांगितला की आपले काम संपले असे आपण मानतो. ते तिथे सुरू व्हायला हवे. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, सातारा आणि सांगली येथे जिल्हा प्राधिकरण असते. तिथपर्यंत त्या माणसाला नेणे, जातीचा दाखला किंवा उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र करून देणे, एकतर्फी हुकूम झाला असेल तर तीन महिन्यांची मुदत मोजणे, ही कामे पदवीधराला जमण्यासारखी आहेत. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय आहे. कर्मवीरांनी ज्या रयतेसाठी संस्था काढली, त्या रयतेच्या वस्तीत कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ बसावे, एवढी मागणी आपण करू शकतो. नेमलेला वकील तारखेला येतो की नाही याची नोंद भीमजयंतीच्या मंडळांनी ठेवावी. वर्गणीचा हिशेब जी मंडळे चोख ठेवतात, त्यांना हे अवघड नाही.

न्यायदान मंडळांनी न्याय माणसाजवळ आणला, पण तो गावाच्या मर्जीवर ठेवला. घटनेने न्याय हक्काचा केला, पण तो जिल्ह्याच्या गावी ठेवला. हक्काचा न्याय वस्तीपर्यंत आणण्याचे काम अजून कोणी केलेले नाही. ते आपले आहे.